मी शिवणारी, आणि मला शिवला कावळा

आमच्याकडे बाईला पाळी आली की कोणी पाळी म्हणत नाही. ‘कावळा शिवला’ म्हणतात. आताच्या पोरी सरळ ‘पिरियड’ म्हणतात आणि बापाला पॅड आणायला पाठवतात, ते चांगलंच आहे. पण माझ्या वयाच्या बायकांच्या तोंडून तो शब्द काही केल्या निघत नाही. म्हणून आमचा आपला कावळा.

मी सुमन. नागपूर जिल्ह्यात, पारशिवनीच्या बाजूला आमचं गाव. घरची थोडी शेती आहे आणि ओसरीवर माझी शिलाई मशीन. आजूबाजूच्या गावांतले ब्लाऊज माझ्याकडेच येतात. “आई, जन्मभर शिवलं तुम्ही, आणि तुम्हाला शिवला कावळा,” असं माझी सून प्रणाली म्हणते. तिनंच मला लिहायला बसवलं. मला गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता. आता नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मी धडधाकट आहे, चहा पिऊन झाला आहे, आणि लिहायला बसले आहे.

म्हातारपणीचा कावळा

माझी पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. कापूस वेचण्याचे दिवस होते. एका सकाळी बघते तर लुगड्याला डाग. खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला गंमत वाटली. मी थोरल्या जावेला, कांताबाईंना, भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत.

“बाई, मले कावळा शिवला वं!”

कांताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “आता या वयात? जवान होऊन राहिली का वं तू? सांग तुह्या बुढ्याले, खूश होईन थो!”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पाळी परत आली म्हणजे अंगात अजून जोम आहे, असंच आमच्याकडे समजतात. कोणाला यात वाईट दिसतच नाही. पण पुढच्या पंधरवड्यात ते दोनदा झालं, तेव्हा मी म्हटलं, एकदा दाखवून येऊ.

दवाखाना कोणता ते सांगत नाही. तिथे एक नवीन डॉक्टरीण आली होती. दूरच्या मुलखातली पोरगी, मराठी येत नव्हतं, हिंदी बोलायची. माझ्यामागे रांगेत सगळे पुरुष. एक तर माझ्या नवऱ्याचा मित्र. मी टेबलापाशी वाकले आणि हळूच म्हणाले, “मैडम, मेरेकू कव्वा शिवा.”

“कौआ?” ती जोरात म्हणाली. मागची रांग सावध झाली. “कहाँ?”

आता कुठे म्हणजे काय सांगू? मी मान खाली घातली आणि बोटाने खाली दाखवलं. “नीचे.”

तिने खाली बघितलं. माझ्या नडगीवर पऱ्हाटीची काडी लागून ओरखडा पडला होता, कापूस वेचताना पडतोच. तिने तो नीट बघितला, धुतला, आणि मायेनं म्हणाली, “घबराओ मत माँजी, कौए की चोंच से कभी-कभी इन्फेक्शन होता है.” आणि मला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

मला वाटलं, शहाणी पोरगी आहे, मागे पुरुष उभे आहेत म्हणून गुपचूप कावळ्याची सुई दिली. आणि नशीब बघा, दुसऱ्या दिवसापासून रक्त थांबलं! मी गावभर त्या पोरीचं कौतुक केलं. कांताबाईंना म्हटलं, “एकच सुई देली बापा, अन् कावळा उडाला.”

उमर

कावळा उडाला नव्हता. संक्रांतीच्या आसपास परत येऊन बसला. यावेळी दवाखान्यात दुसरे डॉक्टर होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “काय होते?” मी म्हटलं, अशक्तपणा वाटते, अंगावर जाते. ‘अंगावर जाते’ म्हणजे पांढरं असंच त्यांनी धरलं. “उमर झाली मावशी, चालायचंच,” म्हणाले आणि ताकदीच्या लाल गोळ्या दिल्या. रांग मोठी होती. दोन वाक्यं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मला मिळाला आणि त्यातलं अर्धं मी लाजण्यात घालवलं. तरी मागचा माणूस माझ्या पाठीला खेटून उभा असेल तर मी काय बोलायचं, हेही कोणी सांगावं.

लग्नसराई आली. मी एका नवरीचा ब्लाऊज शिवत होते, हिरवा, जरीच्या काठाचा. बाही संपवून उठले तर स्टूल ओलं. प्रणाली समोर उभी होती. तिने आधी तो ब्लाऊज माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला, कारण तिला माहीत होतं माझा जीव त्याच्यात अडकेल. मग मला धरलं.

“आई, किती दिवसांपासून?”

मी सांगितलं. कावळ्याचं आणि सुईचंही सांगितलं. ती आधी हसली, आपसूक हसली, आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. “आई, पाळी बंद झाल्यावर ती परत येत नसते. एक डाग दिसला तरी दाखवायचं असते. आपण उद्याच नागपूरले जाऊन राहिलो.”

दोन प्लेट तर्रीपोहे

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात सोनोग्राफी झाली, मग आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी माझे हे आणि प्रणाली सोबत होते. डॉक्टर म्हणाल्या, “गर्भपिशवीचा कॅन्सर आहे. ऑपरेशन करू. बरा होण्यासारखा आहे.” पुढचं काही मला ऐकू आलं नाही. मला एवढंच आठवतं की खोलीतला पंखा एका बाजूने कुरकुरत होता आणि मला वाटत होतं, याला तेल द्यायला पाहिजे.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, “भूक लागली.” फाटकाबाहेर तर्रीपोह्यांची गाडी होती. त्यांनी तीन प्लेट घेतल्या. मी खाल्लं नाही, तर माझीही प्लेट त्यांनीच संपवली. खाता खाता डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“काहो, रडून राहिले का?” मी विचारलं.

“नाई वं. तर्री लय तिखट हाय.”

प्रणालीने त्यांच्या प्लेटमध्ये बघितलं. त्यांनी तर्री घेतलीच नव्हती, कोरेच पोहे होते. आम्ही तिघंही तिथेच, गाडीपाशी, हसायला लागलो आणि हसता हसता रडलो. गाडीवाल्याला काय वाटलं असेल देव जाणे. त्याने न मागता वरून जास्तीचे चणे टाकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्यासाठी रडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. कॅन्सरने मला दिलेली ही पहिली चांगली गोष्ट.

नलिनीताई

वॉर्डात माझ्या बाजूच्या खाटेवर नलिनीताई होत्या. नागपुरातच सदरला राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. स्पेशल खोली रिकामी नव्हती म्हणून आमच्यात आल्या होत्या. गोऱ्या, बारीक, बोलणं एकदम पुस्तकातलं. आजार दोघींना एकच, वयही जवळपास एकच. त्यांनी मला विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

मी माझी कावळ्याची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की नर्सबाई धावत आल्या. मग मी विचारलं, “अन् तुमाले?”

त्यांचं एका वाक्यात आटोपलं. डाग दिसला, त्यांनी भाचीला फोन केला. भाची डॉक्टर. त्याच आठवड्यात सोनोग्राफी, त्याच महिन्यात ऑपरेशनची तारीख.

दोघींनाही एकच गोष्ट दिसली होती. त्यांना पहिला डाग दिसला आणि मला पहिला डाग दिसला, त्यात काही फरक नव्हता. त्यांच्याजवळ डॉक्टरांना कळेल असा शब्द होता, फोन उचलणारी भाची होती. माझ्याजवळ कावळा होता. मी एक अख्खा हंगाम ब्लाऊज शिवत बसले आणि आत तो आपलं काम करत राहिला. मला नलिनीताईंचा राग आला नाही. पण राग आला, हे खरं. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी उशी बदडली.

राउंडला डॉक्टर आल्या की तोही फरक दिसायचा. नलिनीताईंना “मॅडम, बसा, समजावते,” आणि कागदावर गर्भपिशवीचं चित्र. मला, “मावशी, कुशीवर वळ. दुखते का? बरं.” आणि पुढच्या खाटेकडे. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना वाटायचं, या बाईला कशाला सांगायचं, हिला काय कळणार. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते रोज ऐकू यायचं.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी म्हटलं, “मॅडम, या ताईचं चित्र काढलं नं, माह्यंही काढा.”

डॉक्टर थांबल्या. “मावशी, तुला...”

“मी कपडा बेततो, मॅडम. कागदावरचं समजते मले.”

नलिनीताईंनी आपली खुर्ची पुढे सरकवली. डॉक्टर बसल्या. खरंच बसल्या. चित्र काढलं. म्हणाल्या, “ही पिशवी. हिच्या आतल्या बाजूला एक थर असतो...”

“अस्तर,” मी म्हटलं.

“अं? हो. अस्तरच म्हणतात त्याला.”

मग सगळं झरझर समजलं. नलिनीताईंचा आजार अस्तरातच होता, पिशवीच उसवून काढली की काम झालं. माझा अस्तरातून वरच्या कपड्यात उतरला होता. कपड्याच्या पार बाहेर गेला की नाही, ते ऑपरेशननंतर कळणार. “बाहेर गेला नसन तं?” “तर शेक देऊन बरं करू.” “अन् गेला असन तं?” त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. “तर जास्त मेहनत करू. दोघी मिळून.”

दोघी मिळून! त्या दिवसापासून त्या मला ‘अहो सुमनताई’ म्हणायला लागल्या आणि मी त्यांना प्रत्येक राउंडला काहीतरी विचारायला लागले. कधी कधी विचारायचं काही नसायचं, तरी विचारायचे.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी सांगत नाही. तेवढ्या दिवसांत मी देवाला इतकं बोलले की आता त्याच्याशी बोलायला विषय उरला नाही. रिपोर्ट आला. कपड्यापर्यंतच होता. बाहेर गेला नव्हता. नलिनीताई तेव्हा घरी गेल्या होत्या, त्यांनी फोनवर असा काही आनंद केला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

भरलेल्या टाकीच्या बायका

मग शेक. रेडिएशन म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी पोटावर माप घेऊन शाईच्या खुणा केल्या. मी म्हटलं, “शिलाईचं मार्जिन ठेवजा बापा.” खुणा करणारी पोरगी हसून वाकडी झाली, परत माप घ्यावं लागलं.

या शेकाची एक गंमत आहे. आधी भरपूर पाणी पिऊन बसायचं, आणि नंबर येईपर्यंत लघवीला जायचं नाही. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी शेकापासून दूर राहतात म्हणे. बाकावर आम्ही बायका ओळीने बसायचो, पाय आवळून, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. कोणी खाप्याची, कोणी दूर छिंदवाड्याकडची. एक दिवस एकीने विचारलं, तुला कसं समजलं? मी सुरू केलं. “मैडम, मेरेकू कव्वा शिवा...”

धनुर्वाताच्या सुईपर्यंत आले आणि बाक हलायला लागला. “चूप बस वं माय!” एक ओरडली. “टाकी फुटन!” दोघी हसत हसत संडासाकडे पळाल्या. त्यांचे नंबर गेले, परत पाणी प्यावं लागलं. मशीनवाल्यांनी मला दम दिला, की नंबर येईपर्यंत गोष्ट सांगायची नाही.

पण हसू ओसरल्यावर छिंदवाड्याची बाई म्हणाली, “मेरेको भी सुई दी थी.” दुसरी म्हणाली, तिला लाल गोळ्या दिल्या. तिसरी कोणाला बोललीच नव्हती. बाकावरच्या जवळपास सगळ्या जणी अशा उशिराच्याच. नलिनीताईंसारखी एकही नव्हती, कारण त्यांना शेक लागलाच नाही, त्या या बाकापर्यंत आल्याच नाहीत. मी त्या बाकाकडे बघितलं आणि ठरवलं, की मी बरी झाले तर त्या डॉक्टरीण पोरीला जाऊन गाठीन.

भीती वाटायची ती आत, एकटी असताना. जाड दार लागायचं आणि मशीन घुमायची. मी डोळे मिटून मनातल्या मनात ब्लाऊज शिवायची. खांदा, मुंढा, कटोरी, बाही. बाही जोडेपर्यंत दार उघडायचं. जुलाब झाले, अन्नाची चव गेली, पायऱ्या चढताना धाप लागायची. मशीन घुमायची थांबली तो शेवटचा दिवस आला, तेव्हा बाकावरच्या बायकांनी मला पेढा भरवला, आणि मी त्यांना सगळ्यांना ब्लाऊज कबूल करून आले. अजून शिवते आहे.

एक भिंत

घरी आल्यावर एक गोष्ट मला जास्त दुखली. कांताबाई येत नव्हत्या. भिंतीपलीकडून हाक दिली की “हो, हो,” म्हणायच्या, पण यायच्या नाहीत. एकदा आल्या तर दारातच उभ्या. मी चहा दिला, त्यांनी कप हातात धरला आणि न पिताच ठेवून दिला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, हा रोग लागतो. प्रणालीने समजावलं, त्यांनी मान हलवली, कप तसाच ठेवला. ज्या बाईसोबत मी पोट धरून हसले, ती माझ्या हातचा चहा पीत नव्हती. ऑपरेशनपेक्षा ते टाके उशिरा भरले.

थोडी ताकद आल्यावर मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तीच, कावळ्याची सुई देणारी. मी रागाचं भाषण पाठ करून गेले होते. तिने मला ओळखलं. “अरे माँजी! कौआ!” म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझं भाषण तोंडातच विरलं. मी सरळ सांगितलं. कव्वा शिवला म्हणजे काय. नीचे म्हणजे कुठे. नागपूर, ऑपरेशन, शेक.

ती उठून दार लावून आली. तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, “और क्या-क्या बोलते हैं आप लोग? सब बताइए.”

मी सांगत गेले. दूर बसली. बाहेरची झाली. अडचण आली. अंगावर गेलं, तर पांढरं की लाल ते विचार. ती प्रत्येक शब्द माझ्यासारखा म्हणून बघत होती आणि चुकत होती. “दूर बैसली,” म्हणायची. आम्ही दोघीही शेवटी हसत होतो. निघताना तिने टेबल भिंतीकडे सरकवलं आणि मधे पडदा लावायला सांगितला, म्हणजे रांगेला ऐकू जाणार नाही.

आणि मग, दिवाळीनंतर एका दुपारी, भिंतीपलीकडून आवाज आला. अगदी बारीक.

“सुमन वं...”

“काय बाई?”

पलीकडे भिंतीला बांगड्या लागल्याचा आवाज आला. मग, “मले कावळा शिवला.”

यावेळी कोणीच हसलं नाही. मी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

पुढचं आधी सांगून टाकते, घोर नको. कांताबाईंनाही तेच निघालं. पण अस्तरातच. ऑपरेशन झालं आणि त्या घरी आल्या. शेक नाही, बाक नाही, भरलेली टाकी नाही. आमच्याच गावची बाई, माझ्याच घराच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, कोणी भाची डॉक्टर नसलेली, तिला नलिनीताईंना जे मिळालं तेच मिळालं.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या सकाळचं. मी त्यांना दवाखान्यात नेलं. पडद्याआड कांताबाई टेबलापाशी वाकल्या, माझ्यासारख्याच. मी बाहेर कान लावून उभी.

“मैडम,” त्या पुटपुटल्या, “कव्वा...”

खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज आला.

“कब से, माँजी?” डॉक्टरीण म्हणाली. आणि मग मराठीत, चुकत, पण म्हणाली, “लाल की पांढरा?”

थोड्या वेळाने कांताबाई बाहेर आल्या. हातात सोनोग्राफीची चिठ्ठी. चेहरा पडलेला. मी घाबरून विचारलं, “काय झालं बाई? काय म्हणे?”

“नागपूरले जा म्हणे. आजच.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदम रुसलेल्या पोरीसारखं. “अन् तुले देली होती थे सुई मले काहून नाई देली वं?”

मी त्यांना तिथेच, सगळ्या रांगेसमोर, गच्च मिठी मारली. त्या आधी अंग चोरून उभ्या होत्या, मग त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. फाटकाबाहेरच्या टपरीवर मी एक चहा घेतला, कारण सुटे तेवढेच होते. अर्धा मी प्यायले आणि कप त्यांच्यापुढे केला. कांताबाईंनी तो घेतला आणि उरलेला सगळा पिऊन टाकला.